मागे राहिलेल्या कुत्र्याला सांभाळताना

घरातल्या दोन कुत्र्यांपैकी एक गेलं की दुसरं जेवण सोडतं, दारात बसून राहतं. दुःख झालंय, असं आपण म्हणतो. झालेलं असतंच. पण आधी त्याचा ताप बघा. गोव्यात गोचडीतापाने कितीतरी कुत्री जातात, आणि तो ताप भरलेलं कुत्रं हुबेहूब शोकात असल्यासारखंच दिसतं: सुस्त, अन्नावर वासना नाही. दोघं एकाच सोप्यावर झोपत होती, म्हणजे गोचिडीही एकच. कुत्र्याचं तापमान मुळातच आपल्यापेक्षा जास्त, साधारण 101 ते 102.5 अंश फॅरनहाइट असतं, त्यामुळे नुसता हात लावून अंदाज येत नाही. हिरड्या फिक्या दिसल्या, लघवीचा रंग गडद झाला किंवा पूर्ण दिवस अन्न तोंडात घेतलं नाही, तर डॉक्टरांकडे न्या. आपल्या तापाच्या गोळ्या, पॅरासिटामॉल असो की आयबुप्रोफेन, कुत्र्याला देऊ नका.

तब्येत ठीक आहे म्हटल्यावर बाकीचं सगळं आपल्या हातात असतं.

आमच्या बांदिवड्याच्या घरी काळू आणि राणी होती. सकाळी पदेराचा, म्हणजे दारोदार पाव विकणाऱ्याचा, भोंगा वाजला की काळू आधी भुंकायचा, मग राणी. काळू गेल्यावर भोंगा वाजला की ती उठायची, त्याच्या जागेकडे बघायची आणि न भुंकताच परत बसायची. तिने काय करायचं हे इतकी वर्षं काळू ठरवत होता. म्हणून मी पदेराकडून पोळी (गोव्यातला पाव) घ्यायला तिला सोबत फाटकापर्यंत नेऊ लागले. भोंगा, फाटक, पोळीचा एक तुकडा, रोज त्याच क्रमाने. हळूहळू ती माझ्या आधी फाटकाशी जाऊ लागली. तुमच्या कुत्र्याचा दिवस कुठे अडतो ते असंच नीट बघा आणि नेमक्या त्या वेळी त्याच्याजवळ राहा.

जेवणाची वेळ बदलू नका. खात नसेल तर कोमट पेजेत कांदा-मसाला न घालता शिजवलेली कोंबडी कुस्करून द्या. हुमण-भात, म्हणजे माशाची आमटी आणि भात, नको, त्यातला कांदा कुत्र्याला बाधतो. थोड्या वेळाने ताट उचला, रात्री पुन्हा ठेवा. तोंडाशी घास धरून मागे मागे फिरू नका.

गेलेल्याचं पोतं किंवा चादर लगेच धुऊ नका. त्याला वास घेऊ दे, वर झोपायचं असेल तर झोपू दे. मात्र ते पार्वो किंवा लेप्टोसारख्या संसर्गाने गेलं असेल तर चादर तिथे ठेवूच नका.

2022 साली इटलीत 426 कुत्रेमालकांच्या उत्तरांवरून एक अभ्यास झाला. त्यात 86 टक्के लोकांनी मागे राहिलेल्या कुत्र्याचं वागणं बिघडल्याचं सांगितलं: खेळ कमी, झोप आणि भीती जास्त, माणसाच्या मागे मागे राहणं. दोघं किती वर्षं एकत्र होती यापेक्षा त्यांचं आपसात कसं जमत होतं, यावर ते अवलंबून होतं. मालकाचं दुःखही त्यात मिसळलेलं दिसलं. रडू आलं तर रडा, पण संध्याकाळचा फेरा चुकवू नका.

भीती वाढते, म्हणून चवथ (गणेश चतुर्थी) जवळ असेल तर आत्ताच तयारी करा. फटाक्यांच्या वेळी पूर्वी ते जोडीदाराला चिकटून बसत असेल. आता आतल्या खोलीत पंखा, रेडिओ लावून तुम्ही बसा. जवळ घेतल्याने भीतीची सवय लागते, ही समजूत खोटी आहे.

लगेच नवं पिल्लू आणावं, असं शेजारीपाजारी हमखास सांगतील. मला ते पटत नाही. कुत्रं पुन्हा आपणहून खेळायला, फिरायला लागेपर्यंत थांबा. म्हाताऱ्या कुत्र्याच्या अंगावर तर पिल्लू अजिबात सोडू नका. आणायचंच ठरलं तर पहिली भेट घरात नको, बाहेर रस्त्यावर दोघांना चालवत होऊ दे. आणि आधीचं कुत्रं पार्वोने गेलं असेल तर त्याचा विषाणू अंगणात महिनोन्‌महिने टिकतो, तेव्हा लशी पूर्ण झालेलंच कुत्रं आणा.