ऑटो प्रदर्शनात ओळखी करायला निघालात? या चुका टाळा

नागपूरजवळच्या हिंगणा किंवा बुटीबोरीत टर्निंग-ग्राइंडिंगचं (लोखंडी भाग कातून-घासून मापात आणायचं) वर्कशॉप चालवणारा माणूस दिल्ली-पुण्याच्या ऑटो प्रदर्शनाला निघतो, तेव्हा बॅगेत व्हिजिटिंग कार्डांचा गठ्ठा असतो आणि डोक्यात एकच हिशेब: जितकी कार्डं वाटू तितकं काम येईल. हिशेब इथेच फसतो. मोठ्या कंपनीच्या स्टॉलवर जो हसून स्वागत करतो, तो विकायला उभा असतो, घ्यायला नाही. त्याचं लक्ष त्याच्या गिऱ्हाइकावर असतं. तुम्ही त्यालाच आपला माल विकू लागलात की तो कार्ड घेतो, 'कळवतो' म्हणतो आणि विषय संपतो.

त्याला विचारायचं ते इतकंच: "मशीनिंगचे नवे व्हेंडर तुमच्याकडे कोण बघतं?" नवे पुरवठादार शोधणाऱ्या विभागाला कुठे सोर्सिंग म्हणतात, कुठे व्हेंडर डेव्हलपमेंट. नाव आणि ई-मेल मिळाला की आभार मानून पुढे व्हा. ही विचारपूस सकाळी हॉल उघडल्या उघडल्या करा. दुपारी गर्दी असते, आणि शेवटच्या दिवशी जेवणानंतर साहेब लोक विमानतळाच्या वाटेला लागलेले असतात.

प्रदर्शन बरोबर, हॉल चुकीचा

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत भारत मोबिलिटी हे वाहनांचं मोठं प्रदर्शन भरलं, तेव्हा गाड्या प्रगती मैदानातल्या भारत मंडपममध्ये होत्या, सुटे भाग द्वारकेच्या यशोभूमीत आणि बांधकामाची यंत्रं ग्रेटर नोएडात. बुश-पिन बनवणाऱ्याने नव्या गाड्या बघण्यात दिवस घालवला तर त्याची सहल झाली, धंदा नाही. सर्वसामान्यांना प्रवेश असलेल्या दिवशी तर कामाचं बोलणं विसराच; सेल्फीवाल्यांतून वाट काढण्यातच वेळ जातो. पुण्यात एआरएआय ही वाहनांची चाचणी आणि संशोधन करणारी संस्था दर दोन वर्षांनी सियाट ही वाहन तंत्रज्ञानाची परिषद भरवते. तिथे शोधनिबंध वाचले जातात, सोबत प्रदर्शनही असतं, पण भेटतात ते जास्त करून डिझाइन आणि टेस्टिंगचे इंजिनिअर. त्यांच्याशी दर आणि पेमेंटचं बोलू नका. कुठला पार्ट पुढे बदलणार आहे, कुठल्या मटेरियलचा त्रास होतोय, हे त्यांना विचारा. ही माहिती खरेदी विभागातून क्वचितच मिळते.

"आम्ही सगळंच बनवतो"

या वाक्याने जेवढं नुकसान होतं तेवढं इंग्रजी कच्चं असल्याने होत नाही. सगळं बनवणारा कोणाच्याच यादीत बसत नाही. त्याऐवजी असं सांगा: ईएन-८ पोलादातले ४० ते ८० मिमी व्यासाचे पिन, टर्निंग आणि ग्राइंडिंग घरातच, टॉलरन्स (मापातला चालणारा फरक) २० मायक्रॉनपर्यंत, महिन्याला ५ हजार नग, हीट ट्रीटमेंट बाहेरून. 'बाहेरून' हे लपवू नका, ऑडिटला माणूस आला की कळतंच. आयएटीएफ १६९४९ हे वाहन उद्योगाचं गुणवत्ता प्रमाणपत्र नसेल तर नाही म्हणा आणि आयएसओ ९००१ हे सर्वसाधारण गुणवत्ता प्रमाणपत्र आहे का ते सांगा. पीपीएपी (उत्पादनाआधी पार्टची मंजुरी घेण्याची कागदपत्रं आणि नमुने) केलंय का, असं विचारलं तर कोणत्या लेव्हलचं केलंय ते सांगता आलं पाहिजे. नुसतं 'हो हो' म्हटलं तर पुढच्या प्रश्नाला अडकाल.

नागपूर म्हटलं की समोरचा ऊन, संत्री आणि सावजी काढणारच. पुण्यात मराठी माणूस भेटला तर गप्पा अशा रंगतात की दहा मिनिटं कशी गेली कळत नाही, आणि पिनचा विषय राहूनच जातो. दोन वाक्यांत हसून कामावर या.

सगळ्यात महागात पडणारी चूक मात्र वेगळीच आहे. छाप पाडायची म्हणून काही जण दुसऱ्या गिऱ्हाइकाचं ड्रॉइंग मोबाइलवर उघडून दाखवतात, किंवा त्याचा पार्ट नंबर कोरलेला नमुना टेबलावर ठेवतात. समोरचा कौतुक करतो, पण मनात नोंद घेतो की उद्या आपलंही ड्रॉइंग असंच फिरेल. एनडीएवर, म्हणजे गोपनीयतेच्या करारावर, सही केली असेल तर प्रकरण आणखी वाढतं. दाखवायला स्वतःच्या डिझाइनचा, कोणाचाच नसलेला एक नमुना बनवून न्या. तसंच दुसऱ्याच्या स्टॉलवर विचारल्याशिवाय फोटो काढू नका.

दर विचारला तरी तिथल्या तिथे आकडा देऊ नका. ड्रॉइंग, मटेरियल आणि नगसंख्या कळल्याशिवाय दिलेला आकडा पुढे तुमच्याच गळ्यात पडतो. पुण्याजवळ चाकणला माल द्यायचा तर नागपूरहून भाडं आणि पॅकिंगही त्यात धरावं लागतं.

संत्रा बर्फीचे डबे नेणाऱ्यांना एवढंच सांगेन की अनेक कंपन्यांत भेटवस्तू घ्यायला मनाई असते. घरच्यांसाठी न्या.

परत आल्यावर उत्तरच येत नाही?

आधी आपला ई-मेल तपासा. पाच-सहा दिवसांनी, 'डिअर सर' लिहून, ३० एमबीचं ब्रोशर जोडून पाठवलेला ई-मेल बहुधा समोरच्याच्या सर्व्हरवरच अडतो. त्याच रात्री हॉटेलवरून किंवा परतीच्या गाडीत बसून पाठवा. विषयाच्या ओळीत पार्टचा प्रकार आणि स्टॉल नंबर लिहा. जोडायचं ते दोन पानांचं: मशीनची यादी, मोजमापाची साधनं, आताच्या कामाचा प्रकार. काय बोलणं झालं ते प्रत्येक कार्डाच्या मागच्या बाजूला स्टॉल सोडतानाच लिहिलेलं असेल तर हा ई-मेल पाच मिनिटांत होतो. मिळालेले नंबर 'शुभ सकाळ'च्या यादीत टाकू नका, कृपा करून.

आठवड्याने एक फोन, मग थांबा. कंपनीच्या सप्लायर पोर्टलवर नोंदणी करायला सांगितलं तर ती टाळाटाळ समजू नका. बऱ्याच ठिकाणी नोंदणीशिवाय आरएफक्यू, म्हणजे दर मागणारं पत्र, येतच नाही.

आरएफक्यू आली, कोटेशन दिलं आणि तरीही काम गेलं, तर टार्गेट प्राइस काय होती ते विचारा. काही जण सांगतात. फरक दोन-चार टक्क्यांचा असेल तर सायकल टाइम (एका नगाला लागणारा वेळ) आणि कच्च्या मालाचा कट (एका नगासाठी कापायचा तुकडा) पुन्हा तपासा. वीस-पंचवीस टक्क्यांचा असेल तर तो पार्ट फोर्जिंगमधून (तापवून, ठोकून आकार दिलेल्या तुकड्यातून) होतोय आणि तुम्ही सळई कापून करायचा धरून दर काढलाय, अशी शक्यता आधी बघा.