हजार ग्रॅमच्या बाळाला मानेतून लाइन टाकताना

नाळेतली लाइन (औषधं-सलाइनसाठी शिरेत घातलेली नळी) काढावी लागली, हातापायाच्या शिरा संपल्या, पीआयसीसीही (हातापायाच्या शिरेतून हृदयाजवळ नेलेली लांब, बारीक नळी) जाईना, तरच सोनोग्राफीवर बघत मानेतून लाइन टाकायच्या या वाटेला या. तेही आधी जेलच्या मॉडेलवर हात बसवून आणि सीनियर शेजारी असताना.

तयारीत आपण फसतो ते तापमानात. मे महिन्यात नागपूर 45 अंशांवर, गाऊन चढवून आपण घामाघूम, मग कोणीतरी एसी वाढवतं. सिस्टर म्हणतात, "मॅडम, बाळ गार पडून राहिलं!" ऐका त्यांचं. वॉर्मर चालू ठेवा, सोनोग्राफीचं जेल कोमट घ्या. क्लोरहेक्सिडिन (जंतुनाशक) मोजकंच लावा. पाठीखाली साचलं की ती कोवळी कातडी भाजते. वेदनाशामक आधीच द्या, रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट किती आहेत ते बघून घ्या.

खांद्याखाली छोटी गुंडाळी, मान उजवीकडे. मी डावी ब्रॅकिओसेफॅलिक (मान आणि हाताचं रक्त वरच्या महाशिरेकडे नेणारी मोठी शीर) निवडते, कारण ती लांब आणि आडवी जाते, सुईला जागा मिळते. हॉकी स्टिक प्रोब (त्या आकाराचा सोनोग्राफीचा छोटा प्रोब) मानेवर ठेवून आधी जुग्युलर (मानेतली मोठी शीर) शोधा, तिचा माग काढत खाली कॉलरबोनच्या वरच्या खळग्यात उतरा आणि प्रोब छातीच्या दिशेने कलवा. शीर लांबीत उलगडते. दिसत नसेल तर मशीनला दोष देऊ नका, बहुतेक वेळा आपलाच हात दाबत असतो. या वजनात नुसत्या प्रोबच्या भारानेही शीर मिटते. करंगळी बाळाच्या छातीवर टेकवा आणि प्रोब जेलवर तरंगू द्या. डॉपलर (रक्ताचा प्रवाह दाखवणारा मोड) लावून धमनी कोणती ते ठरवा. खाली चकाकणारी रेघ म्हणजे प्लुरा, फुप्फुसाचं आवरण.

सुई बाहेरून आत, प्रोबच्या रेषेतच. टोक दिसेनासं झालं की थांबा. सुई पुढे न ढकलता प्रोब हलवून टोक शोधा. गाइडवायर (सुई शिरेत गेल्यावर तिच्यातून सरकवायची बारीक तार) अडली तर सुईतून मागे ओढू नका, तुटते. सुई आणि वायर एकत्रच बाहेर काढा. वायर शिरेतच आहे हे पडद्यावर बघितल्याशिवाय डायलेटर (वाट रुंद करणारी नळी) हातात घ्यायचा नाही.

कॅथेटरची, म्हणजे शिरेत ठेवायच्या नळीची, जाडी शिरेच्या व्यासाच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त नको. टोक वरच्या महाशिरेच्या तोंडाशी, हृदयाच्या बाहेर. थोडं सलाइन सोडून इकोवर (हृदयाच्या सोनोग्राफीवर) खात्री करा. फुप्फुसही त्याच प्रोबने बघून घ्या.

पुढच्या दिवसांत बाळ अचानक खचलं, तर एक्स-रेची वाट बघू नका. इन्फ्युजन थांबवा आणि हृदयाभोवती पाणी साचलंय का ते पाहायला लगेच प्रोब लावा.