ॲझाथायोप्रिन चालू आहे? मग या चुका टाळा

अल्सरेटिव्ह कोलायटिस किंवा क्रोन्स या आतड्याच्या आजारांसाठी ही गोळी सुरू झाली की सगळं लक्ष पोटाकडे. रक्त पडलं का, दिवसातून किती वेळा जावं लागलं. पोट शांत झालं की रक्ततपासणी मागे पडते, आणि सगळ्यात महागात पडते ती हीच चूक. या गोळीने पांढऱ्या पेशी घटू शकतात, तेही काही जाणवू न देता. म्हणून सुरुवातीचे काही आठवडे दर आठवड्या-पंधरवड्याला सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), पुढे साधारण दर ३ महिन्यांनी, सोबत लिव्हरची तपासणी. डोस वाढवला की पुन्हा लवकर लवकर. ‘मागचे सगळे रिपोर्ट नॉर्मल होते’ म्हणून पुढचा चुकवू नका; पेशी वर्षांनंतरही घसरतात.

गोळीआधी टीपीएमटी (शरीर ही गोळी नीट पचवतं का, ते पाहणारी तपासणी) नॉर्मल आली म्हणून निर्धास्त राहू नका. आपल्याकडे एनयूडीटी१५ या जनुकातला फरक जास्त आढळतो, तीही तपासणी डॉक्टरांना विचारा. पहिल्या काही आठवड्यांत केस झपाट्याने गळू लागले तर शाम्पू बदलत बसू नका, सीबीसी करा.

पुण्यात पावसाळ्यात ताप आला की घरोघरी निदान ठरलेलं: डेंग्यू. त्यातही पांढऱ्या पेशी कमी होतात. गोळीचं सांगितलंच नाही, तर जवळचे डॉक्टर रिपोर्ट बघून डेंग्यूच म्हणणार, त्यांचं काय चुकलं? ताप, घसादुखी, तोंडात फोड यांपैकी काहीही झालं तर गोळीचं नाव आधी सांगा आणि पोटाच्या डॉक्टरांनाही त्याच दिवशी फोन करा.

युरिक ॲसिडसाठी कुणी ॲलोप्युरिनॉल किंवा फेबुक्सोस्टॅट लिहून दिली तरी हेच. या गोळ्यांमुळे ॲझाथायोप्रिन शरीरात साचते आणि पेशी धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकतात. केमिस्टकडून जुन्या चिठ्ठीवर परस्पर काही घेऊ नका.

थोडी मळमळ होत असेल तर गोळी जेवणानंतर घेऊन पाहा. पण वरच्या पोटात कळ येऊन ती पाठीत जात असेल, उलट्या होत असतील, तर ती ॲसिडिटी समजू नका. स्वादुपिंडाला सूज असू शकते. पुढची गोळी न घेता लगेच हॉस्पिटल गाठा.

बाकी, पोट बरं आहे म्हणून स्वतःहून गोळी बंद करू नका. कुठलीही लस घेण्याआधी विचारा, जिवंत विषाणूंच्या लसी यात सहसा टाळतात. उन्हापासूनही जपा. दुचाकीवर स्कार्फ गुंडाळणाऱ्या पुणेकर मुलींना हे सांगायला नको, पुरुषांनी मात्र पूर्ण बाह्यांचा शर्ट घालावा, सनस्क्रीन लावायला लाजू नये.