जुन्या दप्तरातील सरकारी तार कशी वाचावी

ब्रिटिश अमदानीतील फाइल चाळताना तारेचा कागद लगेच नजरेत भरतो. मजकूर आटोपशीर असल्यामुळे त्यातले एखादे वाक्य उचलून उद्धृत करण्याचा मोह होतो, पण ही घाई करू नये. फाइलमधला मजकूर तारेवरून गेलेल्या मजकुराशी शब्दशः जुळेलच अशी खात्री नसते.

वाचन शीर्षापासून सुरू करावे आणि कोणाकडून, कोणाला, क्रमांक व तारीख हे चारही तपशील उतरवून घ्यावेत. पत्त्यातील गावावरून प्रकरणाचे ठिकाण ठरवू नये, कारण हिंदुस्थान सरकार उन्हाळ्यात सिमल्याला असे, तर मुंबई सरकार उन्हाळ्यात महाबळेश्वरला आणि पावसाळ्यात पुण्याला मुक्काम हलवी. त्यामुळे जुलैतली तार पुण्याहून सुटलेली दिसली तरी तिचा विषय कारवारचा असू शकतो. मुंबई आणि मद्रास येथील गव्हर्नरांना लंडनमधील भारतमंत्र्यांशी थेट पत्रव्यवहाराचा अधिकार होता. म्हणून टिळकांवरील 1908 च्या खटल्यासारख्या प्रकरणात मुंबई–लंडन आणि सिमला–लंडन या दोन्ही वाटा तपासाव्या लागतात. एकीवरच विसंबल्यास अर्धे चित्र हाती येते.

तारखांमध्ये ‘इन्स्टंट’ म्हणजे चालू महिना आणि ‘अल्टिमो’ म्हणजे मागचा महिना. हा महिना तार पाठवल्याच्या तारखेवरून मोजायचा असतो, ती मिळाल्याच्या तारखेवरून नव्हे.

घटनाक्रम तासांच्या हिशेबाने लावायचा असेल तर अधिक सावध राहावे. रेल्वे आणि तारखाते मद्रासच्या वेळेवर चालत असताना मुंबईची घड्याळे अर्धा तास मागे असत. 1 जानेवारी 1906 पासून भारतीय प्रमाणवेळ लागू झाली, तरी मुंबई शहराने स्वतःची, 39 मिनिटे मागची वेळ पुढे कित्येक वर्षे सोडली नाही. लंडन तर प्रमाणवेळेच्या साडेपाच तास मागे. त्यामुळे सिमल्याहून संध्याकाळी सहाला निघालेली तार लंडनमध्ये त्याच दिवशी दुपारी तीनला पोहोचल्याची नोंद आढळली, तर ती चूक समजू नये.

आता मुख्य मजकुराकडे वळावे. गुप्त तारा सांकेतिक लिपीतून जात. उलगडलेला मजकूर जसाच्या तसा फिरवला आणि तो परक्याच्या हाती पडला, तर मूळ सांकेतिक तारेशी ताडून संकेतच फोडता येईल, या भीतीने तो शब्द व वाक्यरचना बदलून प्रसृत करण्याची पद्धत होती. अशा प्रतीतील एखाद्या विशेषणावर युक्तिवाद उभा करणे धोक्याचे आहे. कंसातले प्रश्नचिन्ह दिसल्यास त्याआधीचा किंवा नंतरचा शब्द उलगडणाऱ्यालाच संशयास्पद वाटला होता, असे धरावे आणि उद्धृत करताना ते चिन्ह गाळू नये.

‘एक्सप्रेस लेटर’ असे शीर्षक असलेला कागद तारेसारखाच तुटक भाषेत असतो, परंतु तो टपालाने गेलेला असतो. तारेचा खर्च आणि तारांवरील ताण वाचवण्यासाठी हे पत्र टपालाने पाठवले असून मिळताच त्यावर तारेइतकीच तातडीने कार्यवाही व्हावी, अशी सूचना त्यावर छापलेली असते. ही सूचना न वाचल्यामुळे लेखकांनी टपालाचे दिवस तासांत मोजल्याची उदाहरणे मला खटकतात. उलट ‘क्लिअर द लाइन’ हा शेरा असलेली तार इतर सर्व तारांच्या आधी पाठवली जाई; तो शेरा आवर्जून टिपून ठेवावा, कारण पाठवणाऱ्याची निकड त्यातून कळते.

शेवटी त्याच फाइलमधील टिपणांचा भाग काढावा. पत्रव्यवहारापासून तो वेगळा लावलेला असतो आणि माझ्या मते खरे धन तिथेच असते: तारेचा मसुदा कोणी केला, वरिष्ठाने कोणते वाक्य खोडले, कोणती आद्याक्षरे कोणत्या तारखेला पडली, हे सारे तिथे सापडू शकते. टिपणे हाती लागली नाहीत, तर त्याच क्रमांकाची तार मिळालेल्या कार्यालयाची फाइल मागवावी. राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळावर खाते आणि वर्ष घालून हा शोध घरबसल्या सुरू करता येतो.