कोरड्या बोअरचा खर्च कुठं लिहायचा? कोल्हापुरात राहून तेल-वायूचा हिशेब शिकताना

आमचं गाव हातकणंगले तालुक्यात, नदीपासून लांब, माळावर. मी बारावीत होतो त्या उन्हाळ्यात आबांनी शेतात तीन बोअर मारल्या. पहिल्या दोन कोरड्या गेल्या, तिसरीला पाणी लागलं. संध्याकाळी चुलत्यांनी विचारलं, "केवढ्याला पडली रं बोअर?" आबा म्हणाले, "ऐंशी हजार." आई आतून म्हणाली, "ऐंशी कसं? दोन लाख चाळीस हजार गेल्यात की!" दोघांत बराच वेळ वाद झाला आणि जेवणं लांबली.

चार वर्षांनी शिवाजी विद्यापीठात एम.कॉम. करताना मला उमगलं की दोघंही बरोबर होते. आई 'फुल कॉस्ट' पद्धतीनं बोलत होती आणि आबा 'सक्सेसफुल एफर्ट्स' पद्धतीनं. तेल शोधणाऱ्या कंपन्यांच्या हिशेबातला सगळ्यात मोठा वाद हाच आहे. पाणी किंवा तेल लागलेल्या विहिरीचाच खर्च मालमत्ता म्हणून ठेवायचा आणि कोरड्या विहिरींचा त्याच वर्षी नफ्यातून वजा करायचा, ही आबांची, सक्सेसफुल एफर्ट्स पद्धत. कोरड्या विहिरी खणल्याशिवाय चांगली सापडतच नाही, म्हणून सगळ्यांचा खर्च एकत्र मालमत्तेत धरायचा, ही आईची, फुल कॉस्ट पद्धत. आबांच्या वहीत मालमत्ता ८०,००० आणि तोटा १,६०,०००. आईच्या वहीत मालमत्ता २,४०,००० आणि तोटा शून्य. शेत तेच, पाणी तेच. अमेरिकेत १९७७ मध्ये हिशेबाचे नियम करणाऱ्या मंडळानं सक्सेसफुल एफर्ट्स सगळ्यांना बंधनकारक करायचं ठरवलं. लहान कंपन्यांनी ओरड केली, कारण कोरड्या विहिरींनी त्यांचा नफा एका वर्षात धुऊन गेला असता. १९७८ मध्ये तिथल्या रोखे बाजार नियामकानं दोन्ही पद्धतींना वाट मोकळी ठेवली.

या विषयाकडे वळणाऱ्या नव्या मुलामुलींना मी आधी हेच सांगतो: हा प्रश्न स्वतःच्या भाषेत, स्वतःच्या शेताच्या बांधावर उभं राहून सुटेपर्यंत पुस्तकाचं पुढचं पान उलटू नका. तो एकदा सुटला की पुढची निम्मी गुंतागुंत आपोआप हलकी होते.

माझ्या अभ्यासक्रमात या विषयाचा वेगळा पेपर नव्हता. मी तो तुकड्यातुकड्यांनी जमवला. कॉस्ट अकाउंटिंगमधला संयुक्त उत्पादनांचा धडा हा त्यातला पहिला तुकडा. आपल्याकडच्या मुलांना तो जड जायचं कारण नाही. ऊस एकच गाळायचा, निघतं मात्र साखर, मळी आणि बगॅस. मग गाळपाचा खर्च कशावर किती टाकायचा? एकाच विहिरीतून कच्चं तेल आणि त्याच्याबरोबर वायू वर येतो तेव्हा प्रश्न तोच असतो. दुसरा तुकडा म्हणजे सनदी लेखापालांच्या संस्थेची, आयसीएआयची, तेल-वायू उत्पादनाच्या लेखांकनावरची मार्गदर्शक टिपण. ती पहिल्यांदा २००३ मध्ये आली, २०१३ मध्ये सुधारली. तिसरा, खनिज शोधाच्या खर्चाबद्दलचं भारतीय लेखा मानक, इंड एएस १०६. बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालयात एक टेबल धरून मी सहा महिने एवढंच वाचलं. रोज चार पानं, आणि प्रत्येक पानाला बोअरचं एक उदाहरण वहीत. जाड पुस्तकांपेक्षा त्या वहीनं मला जास्त शिकवलं, असं आजही वाटतं.

जाड पुस्तकं बहुतेक अमेरिकन असतात, आणि तिथं एक सावधगिरी हवी. अमेरिकेत जमिनीखालचं तेल खाजगी जमीनमालकाचं असू शकतं. त्यामुळं शेकडो मालकांना रॉयल्टी कशी वाटायची, यावर त्या पुस्तकांत धडेच्या धडे असतात. मी त्यात दोन महिने घालवले. आपल्याकडं आबांच्या शेताखाली उद्या तेल निघालं तरी ते आबांचं होणार नाही. ते सरकारचं, आणि कंपनी सरकारशी करार करून काढणार. १९९९ पासूनच्या नेल्प या तेल-वायू शोधाच्या परवाना धोरणात उत्पादन वाटणीचे करार होते, म्हणजे आधी खर्च वसूल करायचा आणि मग उरलेला नफा सरकारबरोबर वाटायचा. त्याच्या जागी आलेल्या २०१६ च्या 'हेल्प' या परवाना धोरणानं महसूल वाटणी आणली, म्हणजे वाटणी थेट विक्रीच्या रकमेतून. पहिल्या प्रकारात खर्चाची प्रत्येक पावती सरकारच्या हिश्शाला भिडते, म्हणून वाद पावत्यांवरून होतात. हा फरक नीट वाचा. 

आता एक खाच, जिथं चांगली मुलं अडकतात. सक्सेसफुल एफर्ट्समध्ये कोरडी विहीर म्हणजे तोटा, असं पाठ करून मुलं मोकळी होतात. ते फक्त शोधाच्या विहिरीला लागू आहे. साठा सापडल्याचं सिद्ध झाल्यावर त्याच क्षेत्रात तेल काढण्यासाठी जी विहीर खणतात, ती विकासाची. ती कोरडी निघाली तरी तिचा खर्च मालमत्तेतच राहतो, कारण तिच्याकडं सिद्ध साठा बाहेर काढायच्या व्यवस्थेचा भाग म्हणून पाहतात. शोधाच्या विहिरीचा निकाल लागेपर्यंत तिचा खर्च तात्पुरता बाजूला धरून ठेवतात. भूकंपलहरींची पाहणी मात्र लगेच खर्चात जाते. आपल्याकडचा पाणाड्या नारळ घेऊन शेतात फिरतो, त्याची दक्षिणा पाणी लागो न लागो गेलेलीच असते, तसंच.

पुढचा मोठा भाग घसाऱ्याचा, म्हणजे मालमत्तेचा खर्च दरवर्षी थोडा थोडा नफ्यातून वजा करायचा. यंत्राला आपण वर्षं मोजतो, इथं साठा मोजतात. समजा एका क्षेत्राचा खर्च ९ कोटी, खाली ३ लाख बॅरल, या वर्षी काढलं ३० हजार बॅरल. म्हणजे दहावा हिस्सा, ९० लाख खर्चात. उरले ८ कोटी १० लाख आणि २ लाख ७० हजार बॅरल. दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला भूवैज्ञानिकांनी पुन्हा अंदाज केला आणि म्हणाले, खाली १ लाख ८० हजारच आहे. पुन्हा ३० हजारच काढलं, तरी आता तो सहावा हिस्सा झाला आणि खर्च १ कोटी ३५ लाख. एकही बिल नवीन आलं नाही, एकही पंप बिघडला नाही, तरी नफा ४५ लाखांनी घटला. हे गणित मी पहिल्यांदा सोडवलं तेव्हा मनातून हादरलो होतो. कोणी न पाहिलेल्या वस्तूच्या अंदाजावर एवढा नफा-तोटा उभा असतो. म्हणून भूवैज्ञानिकाचा अहवाल वाचायला शिका. निदान त्यातले सिद्ध साठा आणि संभाव्य साठा हे दोन शब्द एकमेकांत मिसळू देऊ नका.

एककांचं थोडक्यात. एक बॅरल म्हणजे ४२ अमेरिकन गॅलन, साधारण १५९ लिटर. आपल्या कंपन्या टनात बोलतात, आणि एक हजार घनमीटर वायू साधारण एक टन तेलाइतका धरतात. अमेरिकन कागदांत एक एम म्हणजे हजार आणि दोन एम म्हणजे दहा लाख. मी पहिल्या नोकरीत एका एमला दहा लाख समजलो आणि वायूच्या विक्रीचा तक्ता हजारपटीनं फुगवला. वरिष्ठांनी तो वेळीच थांबवला. त्या दिवसापासून प्रत्येक तक्त्याच्या डोक्यावर मी एकक पूर्ण शब्दांत लिहितो.

सामाईक विहीर पाहिलेल्याला भागीदारीचा हिशेब शिकवावा लागत नाही. चौघांची विहीर असते, मोटर एक जण सांभाळतो, वीजबिल हिश्शानं, पाणी पाळीनं. तेलातही तसंच. पन्ना-मुक्ता-ताप्ती या समुद्रातल्या तेल-वायू क्षेत्रात ओएनजीसीचा हिस्सा ४० टक्के, रिलायन्स आणि बीजी या ब्रिटिश कंपनीचा प्रत्येकी ३० टक्के होता. चालक कंपनी पुढच्या महिन्याचे पैसे आधी मागते, त्याला कॅश कॉल म्हणतात. मग खर्च करून प्रत्येकाच्या नावावर हिस्सा टाकते. बाकीचे तिच्या वह्या तपासतात. माझं आजचं काम हेच तपासणीचं आहे. गावात मोटर सांभाळणारा स्वतःच्या घरची तार त्याच मीटरला जोडत नाही ना, हे बाकीचे बघतात, तसं आम्ही मुख्य कार्यालयाचे पगार आणि भाडी कुठल्या दरानं वाटली आहेत ते बघतो.

क्षेत्रातलं तेल संपल्यावर समुद्रात उभारलेला विहिरींचा फलाट काढून जागा पूर्ववत करायचा खर्च आजच्या किमतीत आणून पहिल्यापासून धरावा लागतो. कच्चं तेल आणि नैसर्गिक वायू १ जुलै २०१७ पासून जीएसटीच्या बाहेर ठेवलेत, त्यामुळं खरेदीवर भरलेला जीएसटी विक्रीच्या करातून वळता होत नाही, खर्चातच मुरतो. हे दोन्ही विषय एकेका आठवड्यात होतील.

सरावासाठी मात्र खरे वार्षिक अहवाल घ्या. ते कंपन्यांच्या संकेतस्थळावर फुकट असतात. ओएनजीसीच्या अहवालात लेखाधोरणांचं टिपण उघडा, सक्सेसफुल एफर्ट्सचा परिच्छेद शोधा आणि तो मराठीत स्वतःच्या शब्दांत लिहा. मग रिलायन्सनं इंड एएसकडं जाताना फुल कॉस्ट सोडून सक्सेसफुल एफर्ट्स का आणि कसं धरलं, त्या वर्षाचं टिपण वाचा. इंग्रजीची भीती असेल तर ती इथंच जाते, कारण तेच चाळीस शब्द पुन्हापुन्हा येतात.

नोकरीसाठी नुसतं एम.कॉम. अपुरं पडतं, हे स्पष्ट सांगायला हवं. सीए किंवा सीएमए (कॉस्ट अकाउंटंटची पदवी) हातात घ्या. मी सीएमए केलं. एसएपी या कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरची तोंडओळख असली तर बरं, त्यात भागीदारीच्या हिशेबाचा वेगळा भागच आहे. आणि मुंबईला जायची तयारी ठेवा, हे काम कोल्हापुरात मला कधी मिळालं नाही.

मी मुलाखतीला महालक्ष्मी एक्स्प्रेसनं गेलो होतो, रात्रभर ती बोअरची वही मांडीवर घेऊन. मुलाखतीत समोरच्या बाईंनी पहिलाच प्रश्न टाकला: "सक्सेसफुल एफर्ट्स धोरण आहे. विहीर कोरडी निघाली. नोंद सांगा." मी विचारलं, "मॅडम, विहीर शोधाची की विकासाची?" त्यांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "बसा नीट. आता दोन्हींची सांगा."