रोजची सवय लावायची तर वाईट दिवसाच्या मापाने लावा

सवयींचे व्हिडिओ बघायला बसलं की सगळीकडे तोच एक माणूस दिसतो. पहाटे पाचला उठतो, थंड पाण्याने आंघोळ करतो, डायरी लिहितो, आणि त्याच्याकडे ना कधी पाहुणे येत ना लाईट जात. आपल्या जळगाव-धुळ्याकडे हे टाईमटेबल चार दिवस चालतं, पाचव्या दिवशी कोणाच्या तरी हळदीला जावं लागतं, सहाव्या दिवशी झोप पुरी करायची असते, आणि सातव्या दिवशी माणूस म्हणतो माझ्यात मोटिव्हेशनच नाही यार. अरे भो, टाईमटेबल बनवताना तू फक्त चांगला दिवस धरला होता ना, मग असंच होणार.

म्हणून सुरुवात उलटीकडून करायची. आपला सगळ्यात वाईट दिवस डोळ्यासमोर आणा. मे महिना, पारा ४४-४५ वर, दुपारी लाईट गेलेली, घरात पाहुणे, दुकानात माल आलाय किंवा शेतात मजूर आलेत, आणि डोकं दुखतंय. त्या दिवशी पण काय जमेल? दोन पानं वाचणं जमेल. दहा उठाबशा जमतील. गणिताचं एक उदाहरण जमेल. बस, तेवढीच तुमची सवय. ज्या दिवशी अंगात दम असेल त्या दिवशी खुशाल तीस पानं वाचा, कोणी अडवत नाही, पण हिशोबात दोनच पानं धरायची. हे ऐकायला फार किरकोळ वाटतं, आणि पोलीस भरतीच्या पोरांना तर हसूच येतं, त्यांना पहिल्याच दिवशी पाच किलोमीटर पळायचं असतं. पळा, पण पाऊस लागला, चिखल झाला की त्या दिवशी काय करणार ते आधी ठरवून ठेवा, नाहीतर पावसाळाभर सुट्टी होऊन जाते.

आता ही लहान गोष्ट करायची कधी? "सकाळी वेळ मिळाला की" असं ठरवलं तर वेळ कधीच मिळत नाही. पीटर गोलविट्झर नावाच्या मानसशास्त्रज्ञांनी १९९९ साली एका लेखात हा मुद्दा नीट मांडलाय, की नुसतं "मी व्यायाम करणार" म्हणण्यापेक्षा "अमुक झालं की मी लगेच तमुक करणार" असं जागा-वेळ धरून ठरवलं तर काम होण्याची शक्यता बरीच वाढते. म्हणजे आधीपासून रोज होणारी एखादी गोष्ट पकडायची आणि तिच्या मागे आपली सवय लावून द्यायची. चहाचा कप खाली ठेवला की वही उघडायची. आंघोळीहून आलो की उठाबशा. दुकानाचं शटर वर केलं, अगरबत्ती लावली, की कालची उधारी लिहायची.

इथे एक गोष्ट आपल्याकडच्या माणसाने सांभाळायची, पकडलेली गोष्ट खरंच रोज होते का ते बघायचं. नळाला पाणी आलं की भांडी भरता भरता ऑडिओ ऐकेन असं ठरवलं तर फसाल, कारण आपल्याकडच्या कितीतरी गावांत पाणी रोज येतच नाही, कुठे दिवसाआड तर कुठे चार-पाच दिवसांनी. शेतीच्या लाईटीचं पण तसंच, या आठवड्यात दिवसा तर पुढच्या आठवड्यात रात्री. रावेर-यावलकडे केळीला पाणी द्यायला रात्री शेतात गेलेल्या माणसाला कोणी सकाळी सहाला उठून ध्यान कर म्हणत असेल तर त्याला आधी एक रात्र मोटरजवळ बसवा. अशा माणसाने घड्याळ धरूच नये. शेतातून घरी आलो, पाय धुतले, की हिशोबाच्या वहीत आजचा खर्च लिहायचा. मग आलो सकाळी सातला का दुपारी एकला, काही फरक पडत नाही, पाय तर रोजच धुतले जातात.

वेळेचं बोलायचं तर आपल्याकडे वर्षभर एकच टाईमटेबल चालत नाही, हे आधीच मान्य केलेलं बरं. एप्रिल-मेमध्ये डोक्याचं आणि अंगमेहनतीचं, दोन्ही काम सकाळी साडेपाच ते नऊच्या आत उरकायचं. जळगावच्या मेहरूण तलावावर किंवा धुळ्याच्या पांझरा नदीच्या काठाने फिरायला जायचं तर त्याच वेळात, नंतर ऊन असं लागतं की दिवसभर माणूस कामाचा राहत नाही. दुपारी फायली लावणं, फोन करणं, बिलं जुळवणं असली हलकी कामं ठेवा, आणि झोपायचं असेल तर वीस-पंचवीस मिनिटं अलार्म लावून झोपा. दोन तास झोपलात तर रात्री गच्चीवर जागत बसाल आणि दुसऱ्या दिवशीची सकाळ गेली. डिसेंबर-जानेवारीत सगळं उलटं. धुळ्याला पारा दहाच्या खाली जातो तेव्हा पहाटे गोधडीतून निघायच्या नादात रोज स्वतःशी भांडू नका, व्यायाम सरळ संध्याकाळी न्या. सवय तीच राहते, फक्त तिची जागा बदलते. वर्षातून दोनदा असा बदल करायचा, एकदा होळीच्या आसपास आणि एकदा दिवाळीनंतर.

२१ दिवसांत सवय लागते असं सगळे सांगतात. हा आकडा १९६० च्या सुमारास एका अमेरिकन प्लास्टिक सर्जनच्या लिखाणातून पसरला. त्यांच्या पेशंटना नव्या चेहऱ्याची सवय व्हायला कमीत कमी २१ दिवस लागायचे, एवढंच त्यांचं निरीक्षण होतं, उठाबशांशी त्याचा काय संबंध? लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ लोकांना रोज एक नवी गोष्ट करायला लावून बारा आठवडे नोंदी घेतल्या, तो अभ्यास २०१० मध्ये छापून आला. त्यात सवय अंगवळणी पडायला मधला आकडा निघाला ६६ दिवसांचा, आणि कोणाला १८ दिवस तर कोणाला २५४ दिवस लागतील असा अंदाज आला. पाणी पिण्यासारखी सोपी गोष्ट लवकर बसली, व्यायामाला जास्त वेळ लागला. म्हणजे महिन्याभराने पण जोर लावावा लागत असेल तर तुमच्यात काही खोट नाही, अजून अर्धा रस्ता पण झाला नसेल. आणि त्याच अभ्यासात दिसलं की मध्ये एखादा दिवस चुकला तर फारसं काही बिघडत नाही.

खरा प्रश्न येतो लांब खंडाचा. आपल्याकडे लग्नसराई, आखाजीला म्हणजे अक्षय्य तृतीयेला माहेरी येणाऱ्या बहिणी-लेकी, श्रावणात कानबाई देवीचा सण, मग तिच्या प्रसादाचे रोट संपेपर्यंत घरात वर्दळ, मग गणपती, मग दिवाळी. अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठातल्या केटी मिल्कमन यांनी एक प्रयोग केला होता, काही लोकांना चटक लावणाऱ्या कादंबऱ्यांचे ऑडिओ दिले, पण ते फक्त जिममध्येच ऐकायचे. लोक सुरुवातीला जिमला जास्त जायला लागले, आणि थँक्सगिव्हिंग या तिकडच्या सणाची सुट्टी आली तसा तो परिणाम ओसरला. त्यांची ती चार दिवसांची सुट्टी, आपला तर लग्नाचा सीझनच दीड-दोन महिन्याचा. त्यामुळे सणाआधीच ठरवायचं की या दिवसांत सवयीचं सगळ्यात छोटं रूप चालेल, दोन पानांऐवजी अर्धं पान, दहा उठाबशांऐवजी दोन, मांडवात पाहुण्यांच्या गराड्यात बसून पण होतील एवढ्या. आणि पाहुणे गेले की कोणत्या दिवशी परत पूर्ण सुरू करायचं ती तारीख आधीच लिहून ठेवायची. "सोमवारपासून करसू ना भो" असं म्हणायचं नाही, तारीख लिहायची.

त्या प्रयोगातली आवडीची गोष्ट अडकवून ठेवायची आयडिया मात्र अपडाऊन करणाऱ्यांनी जरूर उचलावी. भुसावळ-जळगाव रोज अपडाऊन करणाऱ्याला गाडीत अर्धा तास तरी मिळतोच. गर्दीत पुस्तक उघडणं जमत नाही पण कानात लेक्चर चालतं. आवडीची मालिका किंवा गप्पांचा कार्यक्रम फक्त फिरतानाच ऐकायचा, घरी नाही, असं ठरवलं तर फिरायला जायची ओढ आपोआप लागते.

मोबाईलवर जास्त बोलत नाही, सगळ्यांना माहितीये. चार्जर झोपायच्या खोलीतून काढा आणि बाहेरच्या खोलीत लावा. अलार्मसाठी साधं घड्याळ आणा. अभ्यासिकेत बसणाऱ्या पोरांनी फोन बॅगेत न ठेवता गाडीच्या डिक्कीत ठेवावा, कारण बॅगेतला फोन हाताशीच असतो.

कामाचं म्हणाल तर रात्री जेवण झालं की एका कागदावर उद्याची तीनच कामं लिहायची, त्यातलं सगळ्यात नकोसं वाटणारं वर. दहा लिहिली तर सोपी आठ होतात आणि अवघड दोन महिनाभर तशीच राहतात. फ्रान्सेस्को सिरिलो या इटालियन माणसाने १९८० च्या दशकात शिकत असताना २५ मिनिटं काम आणि ५ मिनिटं सुट्टी असा प्रकार काढला, तो अभ्यासाला बरा पडतो. दुकानदाराला पडत नाही, कारण पंचवीस मिनिटांत पाच गिऱ्हाईकं येतात आणि त्यांना थांबा म्हणता येत नाही. त्याने दहा-दहा मिनिटांचे तुकडे करावे, आणि मध्ये उठावं लागलं तर पुढे काय करायचं होतं ते एका शब्दात कागदावर टाकून उठावं, म्हणजे परत आल्यावर "कुठे होतो आपण" यात वेळ जात नाही. घरातल्या बायांचं तर विचारूच नका, त्यांच्या दिवसाला सलग असा तुकडाच नसतो, भाकरी टाकता टाकता दहा हाका येतात. त्यांना सगळे वेळेचं नियोजन शिकवतात, पण घरातल्या बाकीच्यांनी स्वतःचं ताट उचलून ठेवलं तर जास्त फायदा होईल असं माझं स्पष्ट मत आहे.

नोंद ठेवायला अॅप लागत नाही. घरोघरी भिंतीवर कालनिर्णय लटकलेलं असतंच, त्यावर दुधाचा खाडा लिहिलेला असतो. त्याच चौकोनात सवय झाली त्या दिवशी एक टिंब द्यायचं. भिंतीवर असल्याने घरातले पण बघतात, आणि पोरगं विचारतं की पप्पा काल टिंब का नाही, तेव्हा जी लाज वाटते तिची सर कोणत्या अॅपच्या नोटिफिकेशनला नाही. सलग दोन चौकोन रिकामे दिसले की त्या दिवशी बाकी काही होवो ना होवो, सवयीचं छोटं रूप उरकूनच झोपायचं.

आणि एका वेळेस एकच. व्यायाम, वाचन, इंग्लिश, बचत, साखर बंद, सगळं एक तारखेपासून सुरू करणारे दहा तारखेला शेवभाजीच्या पार्टीत सापडतात. दुसरी सवय कधी धरायची ते पण कॅलेंडरच सांगतं. एखाद्या दिवशी टिंब द्यायचं राहून जातं पण दोन पानं मात्र वाचून झालेली असतात, आपण कधी वाचली ते पण आठवत नाही, असं आठवड्यातून दोन-तीनदा व्हायला लागलं की दुसरी धरा, आणि ती पण मेच्या दुपारी जमेल एवढीच.