जुन्या पत्रांची फुलदाणी: १४ फेब्रुवारीआधीची तयारी

संक्रांतीचे हलव्याचे डबे आवरून झाले की माळ्यावरची ट्रंक खाली काढायची. १४ फेब्रुवारीला हातात द्यायची फुलदाणी, म्हणजे जुन्या पत्रांच्या प्रती बाहेरून लावलेली काचेची बाटली, चिकटवून होते दोन संध्याकाळींत. वेळ जातो तो कागद निवडण्यात आणि नंतर वाळवण्यात, म्हणून तयारी जानेवारीतच सुरू करा.

ट्रंकेतून काय काय काढायचं? निळी आंतरदेशीय पत्रं, लग्नपत्रिका, एकत्र केलेल्या प्रवासाची एसटीची पातळ तिकिटं, घरात एखादी तार जपून ठेवली असेल तर तीही (तारसेवा २०१३ च्या जुलैत बंद झाली, आता तो कागद नव्याने मिळायचा नाही). लग्न झालं त्या महिन्याचं कालनिर्णयचं पान सापडलं तर फारच छान. दुकानात आयफेल टॉवर छापलेले तयार ‘व्हिंटेज’ कागदही मिळतात. दिसतात सुंदर, पण ज्याला फुलदाणी द्यायची त्याच्या आयुष्यातलं त्यात काहीच नसतं. घरात जुनं काही उरलंच नसेल तर पुण्यात बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात चक्कर मारा. एक विनंती मात्र मनापासून करते: मोडी लिपीतला कागद हाती लागला तर त्याला कात्री लावू नका. मोडी वाचणारे थोडे आणि न वाचलेले कागद ढीगभर, अशी आपली स्थिती आहे. तो भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या ठिकाणी नेऊन दाखवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. मूळ पत्र कधीही चिकटवायचं नाही. पहिल्या फुलदाणीच्या वेळी मी ह्यांचं शाईपेनाने लिहिलेलं पत्र तसंच लावलं. ‘गाडी दोन तास लेट होती, पण’ इथपर्यंत ब्रश आला आणि पुढची ओळ डोळ्यांदेखत निळ्या ढगासारखी पसरली. ‘पण’च्या पुढे काय होतं ते आता आम्हा दोघांनाही आठवत नाही.

म्हणून पत्रं, तिकिटं, पत्रिका, सगळ्याच्या रंगीत प्रती काढून घ्या, त्याही झेरॉक्सच्या दुकानातल्या लेझर मशीनवर. लेझरची पूड उष्णतेने कागदावर वितळून बसते, ती पाण्याने हलत नाही. घरच्या इंकजेटची शाई बहुतेक वेळा पसरते. खात्री नसेल तर ओलं बोट एका कोपऱ्यावर घासून बघा. प्रतीचा आणखी एक फायदा असा की मागची बाजू कोरी असते. मूळ पातळ कागद गोंदाने भिजला की पाठीमागचं लिखाणही पुढे दिसायला लागतं. प्रत पांढरीफटक वाटली तर कपभर पाण्यात दोन चमचे चहा पावडर उकळा, गाळा, गार होऊ द्या आणि ब्रशने कागदावर फिरवा. वाळल्यावर इस्त्री. आधी छपाई आणि मग चहा, हा क्रम सोडू नका, नाहीतर सुरकुतलेला कागद मशीनमध्ये अडकतो.

फुलदाणीसाठी पहिल्या खेपेला सरळ उभी काचेची बाटली किंवा बरणी घ्या. गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून अर्धा तास बुडवली की लेबल सुटतं, उरलेला चिकटपणा खोबरेल तेलाने निघतो. मग साबण, मग स्पिरिटचा बोळा, आणि त्यानंतर काचेला बोटं लावायची नाहीत, कारण बोटाच्या तेलकटपणावर रंग धरत नाही. मोतिया रंगाच्या ॲक्रिलिकचे दोन हात स्पंजने थोपटून द्या. तसं न करता कागद लावला तर काचेतून त्याची पाठ दिसते.

मेजावर जुनं प्लास्टिक, ओलं फडकं, इंचभर रुंद मऊ ब्रश, लहान कात्री, एक सुई आणि झाकणाच्या डबीत दोन भाग फेविकॉलला एक भाग पाणी. मिश्रण धिरड्याच्या पिठाइतकं सरसरीत हवं. कागद शक्यतो हाताने फाडा. फाटलेली कड पातळ होते आणि सांधा लपतो. कात्रीची कड उठून दिसते, ती तिकिटांपुरती ठेवा. बाटलीला पोट असेल तर दोन बोटं रुंदीचे तुकडे करा, मोठा तुकडा तिथे चुण्या पाडतोच.

चिकटवण्याआधी सगळे तुकडे मेजावर मांडून मोबाइलवर फोटो काढा. फुलदाणी दिवाणखान्यात राहणार असेल तर पाहुणे ती वाचणारच. म्हणून पोस्टाचा गोल शिक्का, पत्ता, तारीख समोर घ्या. खासगी ओळी दुसऱ्या तुकड्याखाली अर्ध्या झाकून टाका. दोन-तीन शब्द दिसले तरी ज्याला कळायचं त्याला कळतं. मग काचेला गोंद, तुकडा, वरून पुन्हा गोंद, आणि बोटाने मधून कडेकडे दाबत हवा काढायची. बारीक सुरकुत्या वाळताना ताणल्या जातात. फुगा राहिलाच तर सुईने टोचा.

रात्रभर पंख्याखाली ठेवा, उन्हात नको. दुसऱ्या दिवशी पाण्यात विरघळणाऱ्या वार्निशचे तीन पातळ हात द्या, प्रत्येक हातामध्ये दोन तास सोडून. तेलाचं वार्निश पुढे पिवळं पडतं. अठराव्या शतकात व्हेनिसमध्ये महागड्या चिनी-जपानी लाखकामाऐवजी छापील चित्रं कापून फर्निचरवर चिकटवत आणि वर वार्निशचे थरावर थर देत. त्याला ‘गरिबांचं लाखकाम’ म्हणत. कागदाची कड बोटाला लागेनाशी होईपर्यंत थर द्यायचे, हीच त्यातली खरी मेहनत.

फुलं सर्वांत शेवटी. मावळातले चांगले गुलाब त्या आठवड्यात परदेशी जातात आणि इथेही भाव चढतात, त्यामुळे फुलवाल्याला १२ तारखेलाच सांगून ठेवा. मी स्वतः निशिगंधच घेते, संध्याकाळी घरभर वास दरवळतो. पाणी थेट बाटलीत न ओतता आत मावेल अशी अरुंद काचेची नळी ठेवून तिच्यात भरा. ओघळलेलं पाणी कागदाच्या कडेत शिरलं तर गोंद मऊ पडतो. आणि १३ तारखेच्या रात्री मूळ पत्रं मोजून, कडुनिंबाच्या वाळल्या पाल्यासकट सुती पिशवीत घालून ट्रंकेत परत ठेवा.